कोंबडीखताची तिसरी फेरी

खत वाळवायच्या ओव्हनचं दार उघडायचं काम शिपाईमामांचं होतं. दाराला हात लावायच्या आधी ते गळ्यातला पंचा नाकातोंडावर गुंडाळायचे, डोळे बारीक करायचे, दार उघडून तीन पावलं मागे सरायचे आणि मग खोकत खोकत ट्रे बाहेर काढायचे. ओव्हन आम्ही मुद्दाम मागच्या पडवीत ठेवला होता, म्हणजे आत खुर्चीवर बसणाऱ्यांना वासाचा त्रास नको. मामा एकदा मला म्हणाले की साहेब, लय डोळे जळत्यात, एखादा चष्मा मिळाला तर बरं होईल. मी म्हटलं, मामा, खताला खताचाच वास येणार, अत्तराचा पाहिजे असेल तर मेनरोडला एखाद्या दुकानात कामाला लागा. सगळे हसले. मामाही हसले, कारण शिपायाला साहेबाच्या विनोदावर हसावंच लागतं.

नाशिकला माती आणि खतं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा मी प्रमुख होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यात द्राक्षाचं वेड शिगेला पोचलं होतं, आणि जो तो हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभा असायचा. माझ्या टेबलावर काचेखाली रसायनशास्त्राच्या पदवीची झेरॉक्स होती. येणाऱ्याला ती दिसावी अशीच मी ठेवली होती.

एक दिवस दिंडोरीकडचा एक बागायतदार आला आणि त्याने दोन कागद माझ्यासमोर आपटले. एकाच खड्ड्यातली माती त्याने दोन पिशव्यांत भरली होती. एक आम्हाला दिली, एक सातपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेला. आमच्या कागदावर चुनखडी कमी होती, त्यांच्या कागदावर भरपूर. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ह्यातला खोटा कोन ते तुम्ही ठरवा. मी बसतो हितं."

जेवणाची सुट्टी होईपर्यंत माणूस हलला नाही. बाहेर रांगेत उभे असलेले लोक कान टवकारून ऐकत होते. मला इतका संताप आला होता म्हणून सांगू, त्याचे ते दोन्ही कागद त्याच्याच तोंडात कोंबावेसे वाटले. पण बोलणार काय? तो खरं तेच बोलत होता. त्याच दुपारी मी सातपूरला फोन लावला आणि तिथून ‘फेरी’ सुरू झाली.

फेरी म्हणजे अगदी साधी गोष्ट. एकच नमुना नीट कालवायचा, त्याच्या पाच पिशव्या करायच्या आणि पाच प्रयोगशाळांना वाटायच्या. प्रत्येकाने आपल्या घरी, कुणाला न विचारता तपासायचं. दोन महिन्यांनी ठरलेल्या शनिवारी सगळ्यांनी बंद पाकिटं घेऊन माझ्याकडे यायचं आणि आकडे फळ्यावर मांडायचे. ज्याचा आकडा चारचौघांपासून लांब, त्याने आपली चूक शोधायची. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पहिल्या फेरीत कुणाचा तराजू नादुरुस्त निघाला, कुणाचं डिस्टिल्ड वॉटर नळाच्या पाण्याइतकंच खारट निघालं. एकमेकांना असं सांभाळून घेतलं तर शेतकऱ्याच्या हातात खरा कागद पडेल, यावर माझा मनापासून विश्वास होता.

लाल गोलाची टूम मात्र माझी. लांबच्या आकड्याभोवती मी लाल खडूने गोल काढायचा आणि गोलवाल्याने उठून सगळ्यांना चहा द्यायचा. गंमत म्हणून. पहिल्याच फेरीत एक गोल माझ्याच आकड्याला बसला. सामू, म्हणजे मातीचा आम्लपणा, मोजायला लागतं ते द्रावण आमच्याकडे जुनं, बिघडलेलं होतं. चार जणांसमोर मी किटली घेऊन फिरलो, आणि सातपूरवाला दात काढत म्हणाला की प्रमुखांच्या हातचा चहा जरा जास्तच गोड लागतो. त्या दिवशी मला जे वाटलं ते पुन्हा वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून पुढच्या फेरीच्या गुरुवारी मी सातपूरला सहज फोन केला. किती आला, असं विचारलं. त्यालाही हेच हवं होतं. दोन-तीन फेऱ्यांत आम्हा चार प्रयोगशाळांचा गुरुवारचा फोन ठरून गेला. आकडा माझा असायचा, दशांशापुढचं शेपूट जो तो आपापलं लावायचा, म्हणजे संशय नको. शनिवारी फळ्यावर सगळं कसं लखलखीत जुळायचं. अहवालात मी लिहायचो की प्रयोगशाळांमध्ये उत्तम समन्वय आहे.

पाचवी प्रयोगशाळा कळवणची. एक खोली, एक तराजू, आणि एकटी बाई. ती दर वर्षी नव्याने नेमणूक मिळणारी हंगामी रसायनतज्ज्ञ होती, तिशीतली. नवऱ्याला कारखान्याने घरी बसवलेलं, त्यामुळे घर तिच्या पगारावर चालायचं. सहा वर्षं ती अशीच हंगामी होती आणि त्या वर्षी तिला कायम करायचा प्रस्ताव वर गेला होता. एसटीने यायची, कापडी पिशवीतून पाकीट काढायची, शेवटच्या खुर्चीवर बसायची. कळवणला फोन कुणी केला नाही. लाइन नेहमी बंद असते, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. खरं कारण आम्हाला माहीत होतं. सातपूरवाल्याने एकदा तिला आडून सुचवलं होतं की बाई, गुरुवारी एक फोन टाकत जा. ती म्हणाली की फोनवरच मोजायचं तर एवढ्या लांब पिशव्या कशाला पाठवता? ती गेल्यावर तो म्हणाला, नाकाने कांदे सोलते. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

मातीच्या फेऱ्यांमध्ये तिचा आकडा आमच्या आसपासच यायचा, त्यामुळे ती वाचली. मग आम्ही कोंबडीखत घेतलं.

बागायतदार तेव्हा पोल्ट्रीतून ट्रक भरभरून कोंबडीखत आणत होते आणि त्यात नत्र किती हे विचारायला आमच्याकडे येत होते. आम्ही आयुष्यभर माती तपासलेली माणसं. माती आली की वाळवायची, कुटायची, चाळायची, हे हाताला बसलेलं. खतही आम्ही तसंच केलं. ओलं खत चाळणीतून जात नाही, म्हणून आधी ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचं आणि मग त्यातला नत्र काढायचा. चौघांनीही तेच केलं. तिने केलं नाही. तिने खत ओलंच तोललं, ओलंच तपासायला घेतलं, पाणी किती होतं ते दुसऱ्या वाटीत वेगळं काढलं आणि ते वजा करून हिशेब मांडला. फळ्यावर आमचे चार आकडे एका रांगेत बसले आणि तिचा नत्र जवळजवळ दीडपट आला.

मी लाल गोल काढला. ती उभी राहून सांगायला लागली की सर, मी ओल्यावरच... मी तिला पुढे बोलू दिलं नाही. ओलं खत तोलायचं म्हणजे पाणी तोलायचं, हे कॉलेजात शिकवलं नव्हतं का, असं विचारलं. मग किटलीकडे बोट दाखवलं. तिने सगळ्यांना चहा दिला. फोन ठरायच्या आधी इतरांना गोल बसला की ते किटली फिरवताना थट्टा करायचे, कुणाच्या कपात मुद्दाम कमी ओतायचे. तिच्या वेळी कुणी थट्टा केली नाही. एका बाईने निमूट चहा वाटावा हे सगळ्यांना इतकं सरळ वाटलं की त्यात शिक्षा आहे हेही दिसेनासं झालं. मला मात्र दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीत तेच. पुन्हा दीडपट, पुन्हा गोल, पुन्हा चहा. या वेळी मी तिला सगळ्यांसमोर विचारलं की घरी स्वयंपाकात मीठ असंच अंदाजाने टाकता का. सातपूरवाला टेबलावर थापा मारून हसला. ती पाकीट घडी करून पिशवीत ठेवत होती, ते तिने दोनदा घडी केलं. त्याच सुमारास वरून पत्र आलं होतं. कळवणची प्रयोगशाळा चालू ठेवायची का आणि तिथल्या हंगामी तज्ज्ञाला कायम करायचं का, यावर फेरीच्या प्रमुखाचा शेरा मागवला होता. म्हणजे माझा. तिला हे कळलं होतं, मीच कळू दिलं होतं. तिसऱ्या फेरीत काय होतं ते बघून लिहितो, असं मी म्हणालो होतो.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ती माझ्याकडे आली. ती विनवण्या करेल, रडेल, नवऱ्याचं सांगेल, अशी मी मनाची तयारी करून बसलो होतो. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. तिने यातलं काही केलं नाही. पडवीतल्या ओव्हनमध्ये कुणा बागायतदाराचं खत वाळत होतं. ती म्हणाली, "सर, आज ओव्हनचं दार तुम्ही स्वतः उघडा. एवढंच."

मामा कोपऱ्यात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. नाही म्हणालो असतो तर मी घाबरलो असं झालं असतं. मी गेलो, पंचा नाही, काही नाही, आणि दार उघडलं.

मुस्कटात बसावी तसा तो वास आला. घशात काटे उभे राहिले, नाकातून मेंदूत काहीतरी चढलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी भिंतीला टेकलो. इतके दिवस मामा हे रोज करत होते. तिने तिचा रुमाल माझ्या हातात दिला आणि मी डोळे पुसून होईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, "सर, हा अमोनियाच ना? म्हणजे नत्र इथून चाललाय. मग ट्रेमध्ये काय उरलं?"

अमोनियाचा वास कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतो. मला तर पदवी होती, काचेखाली. त्या क्षणी मला कळलं. उद्या शोधून बघू, पुस्तक काढून बघू, असं काही नाही. लख्ख कळलं की आम्ही चौघं मिळून खतातला नत्र पडवीत उडवून देत होतो, उरलेला मोजत होतो, आणि फोनवर एकमेकांची पाठ थोपटत होतो. पाचांतली ती एकटी बरोबर होती.

मी म्हणालो, "बघू."

तिला तेवढं पुरलं. तिचा चेहरा उजळला. साडेचारची एसटी मिळेल म्हणून ती लगबगीने निघाली, फाटकातून वळून मामांना हात केला. रुमाल माझ्याच खिशात राहिला.

घरी जाताना मी डोक्यात मोजत होतो. कोंबडीखताचे आमचे कागद गावोगाव गेले होते. नत्र कमी दाखवला म्हणून कुणी एकरी जास्त खत टाकलं असेल, कुणी वर युरिया दिला असेल. तिला बरोबर म्हणायचं तर उद्या फळ्यावर चार लाल गोल काढावे लागणार, त्यातला पहिला माझ्याभोवती. फोनचं बाहेर येणार. सातपूरवाला हात वर करणार. आणि किटली पुन्हा माझ्या हातात. हसाल तुम्ही, पण खरं सांगतो, नोकरीपेक्षाही मला ती किटली डोळ्यांसमोर दिसत होती.

शनिवारी पाकिटं उघडली. तिचा आकडा दीडपट. ती माझ्याकडे बघत होती. भीती नव्हती त्या बघण्यात, ती वाट बघत होती. आता सर बोलतील, ओव्हनचं सांगतील, अशी. मी लाल खडू घेतला आणि तिच्या आकड्याभोवती गोल काढला. खडू मोडला, म्हणून उरलेला अर्धा गोल तुकड्याने पुरा केला.

"बाई, चहा," मी म्हणालो.

ती जागची हलली नाही. मग मामा पुढे झाले आणि त्यांनी किटली उचलली. मी त्यांना म्हणालो की मामा, ठेवा ती खाली, नियम सगळ्यांना सारखा. मामांनी किटली ठेवली. ती उठली, पाच कप भरले, पहिला माझ्यापुढे ठेवला. थेंब सांडला नाही. मी तो चहा प्यायलो, शेवटच्या घोटापर्यंत.

शेरा मी सोमवारी लिहिला. ‘वारंवार तफावत. विश्लेषणाची अचूकता समाधानकारक नाही.’ अक्षर माझं चांगलं आहे, लोक नाव काढतात.

पावसाळ्याच्या तोंडावर कळवणची खोली बंद झाली. तिथलं सामान टेंपोतून आमच्याकडे आलं. तराजू, बाटल्या, आणि तिची एक जाड नोंदवही. मी ती चाळली. प्रत्येक कोंबडीखत तिने दोन्ही रीतींनी केलं होतं, ओलं आणि वाळवून, तीन-तीन वेळा, आणि शेजारी शेजारी मांडलं होतं. वाळवलेल्याचा आकडा आमच्या आकड्याच्या अगदी जवळ होता. म्हणजे आमच्याशी जुळणारा आकडा दर वेळी तिच्या हातात होता. तो पाकिटात घातला असता तर ती कायम झाली असती. वही मी कपाटात टाकली आणि वर जुने अहवाल रचले.

पुढच्या वर्षी, छाटणीनंतर, दिंडोरीचा तो बागायतदार परत आला. या वेळी त्याने कागद आपटला नाही. वेलीची एक काडी टेबलावर ठेवली. जिथे घड यायला पाहिजे तिथे नुसत्या बाळ्या, वेलाला आधार धरणारे तंतू, सुटल्या होत्या, हिरव्यागार, माजलेल्या. घड जिरले, म्हणाला. नत्र जास्त झाला की वेल असाच माजतो, पानं आणि बाळ्या, फळ नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी ढगाळ हवामानाचं सांगितलं. तो म्हणाला की हवामान शेजाऱ्याच्या बागेवरही तेच होतं, त्याने अंदाजाने खत टाकलं आणि त्याला घड लागले, मी तुमच्या कागदाबरहुकूम टाकलं. मग काडी तिथेच ठेवून गेला. बसला नाही.

त्या आठवड्यात मी पद्धत बदलली. मामांना सांगितलं की कोंबडीखत आता वाळवायचं नाही, ओलंच तोलायचं. मामांनी का म्हणून विचारलं नाही. गुरुवारी तिघांना फोन करून तेच सांगितलं, त्यांनीही विचारलं नाही. जुना एकही कागद आम्ही परत मागवला नाही. दोन हजार सालानंतर कधीतरी वरून छापील सूचनाच आली की ताज्या खताचा नत्र न वाळवता काढावा. जिल्ह्यात आम्ही हे आधीपासून करत होतो म्हणून मला प्रशिक्षण द्यायला बोलावलं. मी ओव्हनचं दार, अमोनियाचा वास, सगळं रंगवून सांगितलं. एकाने विचारलं की सर, हे तुमच्या लक्षात कसं आलं? मी म्हणालो, नाक उघडं ठेवावं लागतं. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं.

निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना वही हाताला लागली. ती टाकून द्यायला हवी होती. पण माणसाला म्हातारपणी आपण चांगले होतो असं कुणाकडून तरी ऐकायचं असतं, तसं मलाही झालं असणार. मी कळवणची एसटी धरली.

ती दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायची. ओसरीवर चपलांचा ढीग होता. मला तिने लगेच ओळखलं, बसा म्हणाली, मुलांना आतल्या खोलीत धडा वाचायला बसवलं. मी वही पुढे केली आणि सांगितलं की तुमची पद्धत आता सगळीकडे चालते, तुम्ही तेव्हाच बरोबर होता. तिने वही उघडली नाही, मांडीवर ठेवली.

मग तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, सर?"

एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं ती त्याच एका गोष्टीशी झगडत असणार, की साहेबाला कळलं नव्हतं, का कळून त्याने गोल काढला. मी खरं सांगायलाच गेलो होतो, निदान एसटीत तरी तसं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "नंतर. सूचना आली तेव्हा. तेव्हा आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं."

  तिने वहीवरची धूळ पदराने पुसली.

"तुमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, सर," ती म्हणाली. "रुमाल मी दिला होता."

 आतून कुणीतरी कपबशा काढल्याचा आवाज आला, तशी ती वळून म्हणाली की राहू दे, ते निघालेत. मी उठलो. ओसरीवरच्या ढिगात माझ्या चपला सापडायला वेळ लागला, आणि ती तोवर दारात उभी होती.